विशेषणाला खारं पाणी

आमच्या घरच्या लीगमध्ये मागच्या वर्षी मी दहापैकी दहावी आले. त्यामुळे या वर्षी दोन गोष्टी माझ्या वाट्याला आल्या: हंगामाच्या मध्यावरचं टिपण लिहिण्याचं काम, आणि माझा सख्खा भाऊ.

टिपणाची पद्धत आजोबांनी घालून दिलेली. ते गावच्या हायस्कुलात गणित शिकवायचे. लीग सुरू झाली तेव्हा रोज सकाळी वर्तमानपत्र पसरून ते प्रत्येक खेळाडूचे आकडे उतरवून घेत. आता ते काम फोन करतो, पण नियम आजोबांचेच चालतात. खऱ्या बेसबॉलपटूंमधून प्रत्येकाने आपला कागदी संघ निवडायचा. ते मैदानात जे करतील त्याचे गुण आपल्याला. जुलैत सगळे खेळाडू चार दिवसांच्या सुट्टीवर जातात, तेव्हा मागच्या वर्षीच्या शेवटच्याने दहाही संघांची निरीक्षणं लिहायची आणि व्हर्नमामाच्या अंगणात जेवणाआधी वाचून दाखवायची. निरीक्षणात फक्त आकडे हवेत. विशेषण आलं की सगळ्यांनी ओरडायचं, आणि वाचणाऱ्याने काकडीच्या लोणच्याच्या बरणीतलं खारं पाणी पेलाभर प्यायचं. आजोबा म्हणायचे, माणसाने मोजलेलं नसलं की तो विशेषण वापरतो.

मी संख्याशास्त्र शिकले आहे. जिल्ह्याच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. तरीही सात वर्षांत तीनदा शेवटची आले आहे, आणि व्हर्नमामाला हा विनोद अजून पुरतो आहे. पण टिपण वाचताना मी ते खारं पाणी कधीही प्यायलेली नव्हते. घरात हा विक्रम फक्त माझ्या नावावर होता.

आता भावाचं. गॅरेट एकोणतीस वर्षांचा आहे, पिचर आहे, म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकणारा. नऊ वर्षं तो खालच्या लीगांमधून बसने गावोगाव फिरत होता. या मे महिन्यात वरच्या संघाचे दोन पिचर एकाच आठवड्यात जायबंदी झाले आणि त्याला बोलावणं आलं. आईने ते सांगायला मला फोन केला, पण तिला सांगता येईना. ती नुसती रडत होती आणि मला वाटलं कुणीतरी गेलं. अर्ध्या तासाने सगळे भानावर आले आणि लीगमध्ये भांडण सुरू झालं. गॅरेटला आपल्या संघात कुणी घ्यायचं?

"मी त्याला जन्म दिलाय," आई म्हणाली.

"जन्म दिल्याचे गुण मिळत नाहीत, डेनीस," व्हर्नमामा म्हणाला. "त्याला तो वळणारा कर्व्ह टाकायला कुणी शिकवलं? माझ्या कोठाराच्या भिंतीवर अजून वळ आहेत."

नियम असा आहे की नव्याने आलेल्या मोकळ्या खेळाडूवर पहिला हक्क शेवटच्याचा. शेवटची मी. असा भाऊ मला मिळाला.

पहिल्या तीन सामन्यांत त्याने माझ्या संघाला इतके गुण दिले की मी सहावी झाले. मामा मला "भावाच्या जिवावर" म्हणू लागला.

टिपण लिहायला मी जुलैच्या पहिल्या आठवड्यात बसले. प्रत्येक मैदानात कॅमेरे असतात. प्रत्येक चेंडू हातातून किती उंचीवर सुटला, किती वेगाने गेला, किती वळला, हे सगळं दुसऱ्या दिवशी कुणालाही बघता येतं. मी मामाच्या शॉर्टस्टॉपपासून, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या तळामधल्या क्षेत्ररक्षकापासून, सुरुवात केली, मग आईचे लोक घेतले, आणि गॅरेटला सगळ्यात शेवटी ठेवला, कारण त्याचं वाचायला मजा येणार होती.

त्याचा वेग ताशी चौऱ्याण्णव मैलांवरून पंचाण्णववर गेला होता. ते बघून बरं वाटलं. मग मी चेंडू सुटण्याची उंची पाहिली. मेच्या अखेरीपासून प्रत्येक सामन्यात ती थोडी थोडी कमी होत होती. आठ सामन्यांत मिळून पावणेदोन इंच.

मी आधी कॅमेऱ्यांवर संशय घेतला. ते मैदानागणिक थोडे इकडे-तिकडे असतात. म्हणून त्याच दिवशी त्याच मैदानात चेंडू टाकलेल्या बाकीच्या पिचरांशी ताडून पाहिलं. फरक तेवढाच राहिला. मग त्याचा कर्व्ह पाहिला. आधी शंभरात सव्वीस चेंडू कर्व्ह असायचे. शेवटच्या सामन्यात नऊ. कर्व्ह टाकताना कोपराला पीळ बसतो, आणि कोपर दुखायला लागलं की पिचरचा हात नकळत खाली येतो.

यानंतर मी जे केलं ते टिपणाला लागणार नव्हतं. गेल्या सहा वर्षांत ज्या पिचरांच्या हाताची उंची इतक्याच सामन्यांत इतकीच घसरली आणि कर्व्हही कमी झाला, असे शोधले. चौतीस निघाले. त्यांच्यापैकी तेरा जण दोन महिन्यांच्या आत कोपराच्या दुखापतीने बाहेर गेले. कोपराचा अस्थिबंध तुटला की शस्त्रक्रिया, मग दीड वर्ष विश्रांती. दीड वर्षाने गॅरेट एकतीसचा होईल. एकतिसाव्या वर्षी दुरुस्त कोपर घेऊन आलेल्या, वर जेमतेम दहा सामने खेळलेल्या माणसाला कुणी बोलावत नाही.

चौतिसात तेरा. मी तो आकडा तीनदा तपासला. तो काही फार मोठा नमुना नव्हता, पण शून्यही नव्हता.

फोन हातात घेतला आणि ठेवला. त्याला काय सांगणार होते? तुझा हात पावणेदोन इंच खाली आलाय, थांब? त्याच्या संघात या कामासाठी पगारी माणसं आहेत. ते हेच आकडे बघत असतील आणि गप्प असतील, किंवा बघत नसतील. मी त्याची धाकटी बहीण, पाण्यातलं नायट्रेट मोजणारी. शेवटी सोमवारी सकाळी मी एक मूर्खपणा केला. सुट्टीनंतरचा त्याचा पहिला सामना रविवारी होता. त्या दिवसासाठी मी त्याचं नाव माझ्या कागदी संघातून काढून राखीव बाकावर टाकलं. त्याने त्याच्या कोपराला काहीही फरक पडणार नव्हता, हे मला कळत होतं. पण माझ्या हातात तेवढंच बटण होतं.

आमच्या लीगमध्ये कुणी कुणाला बसवलं हे सगळ्यांना दिसतं. रविवारआधी कोण बघतंय, असं मला वाटलं. हीच चूक झाली.

मंगळवारी संध्याकाळी मामाच्या अंगणात पाऊल टाकलं तर मामा ग्रिलपाशी सॉसेज उलटत होता. मला बघताच त्याने चिमटा वर केला.

"आली! सख्ख्या भावाला बसवणारी आली!"

"मामा, हळू."

"हळू कशाला? तुझ्या बाकावर त्याचं नाव अख्ख्या लीगला दिसतंय. गॅरेट, इकडे ये. तुझी मालकीण आली."

गॅरेट कॉर्नहोल खेळत होता. कलत्या फळीला भोक असतं, त्यात मक्याच्या दाण्यांची पिशवी लांबून फेकायची. तो हसत आला आणि त्याने मला डाव्या हाताने मिठी मारली. "बसवलंस मला?"

"गणित आहे," मी म्हटलं. "समोरचा संघ डावखुरा आहे. उजव्या हाताच्या पिचरला ते जड जातात."

"त्यांच्यात डावखुरे तीनच आहेत," मामा म्हणाला.

"मामा, तुझं सॉसेज जळतंय."

मी मक्याची कणसं सोलायला बसले आणि तिथून भावाला बघत राहिले. तो पिशव्या डाव्या हाताने फेकत होता. मामेभाऊ क्ले म्हणाला, "अरे, उजव्याने फेक ना, माज करतोस काय?" गॅरेट म्हणाला, "उजव्याने फेकली तर तू घरी रडत जाशील." सगळे हसले. लिंबूसरबताचा जग त्याने डाव्या हाताने उचलला. आईच्या गाडीचं दार त्याने डाव्या हाताने उघडलं, आणि ते दार उजव्या हाताच्या बाजूला होतं. मी कणीस सोलत होते, केस काढत होते, आणि मोजत होते. अर्ध्या तासात उजवा हात दोनदा, दोन्ही वेळा खिशात जाण्यासाठी.

पाच वाजता मामाने खुर्च्या गोल मांडल्या आणि खाऱ्या पाण्याची बरणी माझ्यासमोर ठेवली. आत शेपूच्या काड्या तरंगत होत्या.

मी वाचायला लागले.

"व्हर्न यांचा संघ. शॉर्टस्टॉप पिमेंतेल. सरासरी हजारात तीनशे एकेचाळीस. त्याने मैदानात मारलेले चेंडू शंभरात एक्केचाळीस वेळा कुणाच्याही हाती लागलेले नाहीत. कारकिर्दीत हाच आकडा शंभरात तीस आहे."

"म्हणजे काय?" मामा म्हणाला.

"म्हणजे अकरा चेंडू देवाने सोडले," आई म्हणाली. "ऑगस्टमध्ये तो परत घेईल."

"डेनीस, तुझं टिपण नाही हे."

"डेनीस यांचा संघ," मी म्हटलं. "नऊ फलंदाज. त्यांच्यापैकी सात जणांच्या आया टीव्हीवर प्रेक्षकांत दिसल्या आहेत. निवडीचा याखेरीज दुसरा निकष सापडला नाही. क्रमांक तिसरा."

आईने हात जोडून चारी दिशांना अभिवादन केलं. क्लेच्या संघावर मामी इतकी हसली की तिला ठसका लागला. त्याने एप्रिलमध्ये पहिल्या फेरीत निवडलेला माणूस कुत्र्याला फिरवताना पडून घोटा मोडून बसला होता, आणि त्याच्याबद्दल माझ्याकडे एकच आकडा होता: चौदा सामने. मी एकही विशेषण न वापरता नऊ संघ संपवले. मामा निराश होऊन बरणीकडे बघत होता.

दहावा संघ माझा. त्यात पहिलं नाव गॅरेटचं. माझ्या कागदावर चार ओळी होत्या: वेग, उंची, कर्व्ह, चौतिसात तेरा. मी वर पाहिलं. आई गॅरेटच्या शेजारी बसली होती आणि तिने त्याचा उजवा हात आपल्या मांडीवर घेतला होता, तो लहान असताना ताप बघायला घ्यायची तसा. ती माझ्याकडे बघत होती. मुलाबद्दल ऐकायला मिळणार म्हणून तिचा चेहरा आधीच फुलला होता.

"ब्रिजेट यांचा संघ," मी वाचलं. "गॅरेट." मग थांबले. "गॅरेट चांगला फेकतोय."

क्षणभर कुणालाच कळलं नाही. मग अंगणभर आरडाओरडा झाला.

"विशेषण! विशेषण!"

मामाने खुर्चीवर उभं राहून दोन्ही हात वर केले. "सात वर्षं! सात वर्षं वाट बघितली मी!"

"ते क्रियाविशेषण आहे," क्ले म्हणाला. "'फेकतोय'बद्दल आहे ना. चालतं."

"क्रियाविशेषणालाही तीच शिक्षा," आई म्हणाली. तिने तीस वर्षं शाळेत व्याकरण शिकवलं आहे, त्यामुळे वाद संपला.

मी पेलाभर पाणी प्यायले. ते इतकं खारट होतं की डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याचं कारण सगळ्यांना माहीत होतं, हे सोयीचं झालं. सगळे टाळ्या वाजवत होते. गॅरेट वाजवत नव्हता.

जेवणानंतर मी स्वयंपाकघरात बशा धूत होते. तो आत आला, मागे जाळीचं दार लावलं आणि फडकं घेऊन माझ्याशेजारी उभा राहिला.

"किती?" तो म्हणाला.

"काय किती?"

"ब्रिज, तू आयुष्यात विशेषण वापरलेलं नाहीस. माझ्या लग्नात भाषण केलंस त्यात आम्ही एकमेकांना किती मैलांवरून भेटायला जायचो ते सांगितलंस. किती खाली आलाय हात?"

मी नळ बंद केला. "पावणेदोन इंच."

त्याने एक बशी पुसली. "मला वाटलं एक असेल."

"दुखतं?"

"सकाळी दात घासताना. मग सुटतं. फेकताना नाही. फेकल्यावर." त्याने बशी ठेवली, दुसरी घेतली. "ट्रेनरला थोडं सांगितलंय. थोडंच."

"फोटो काढून घे. एमआरआय."

"काढला की दिसेल."

"तेच तर."

"दिसलं की मला बसवतील, ब्रिज. तू बसवलंस तसं नाही. खरं." तो हसला नाही. "नऊ वर्षं. नऊ वर्षांत मी किती बस बदलल्या ते तुला माहीत असेल, तू मोजल्या असशील. आत्ता माझ्याकडे अजून सहा सामने आहेत, कदाचित सात. त्यांचा आधीचा पिचर सप्टेंबरात परत येतोय. हात टिकला काय, गेला काय, माझं तेवढंच आहे."

मी त्याला चौतीस जणांचं सांगितलं. पहिल्यापासून, नमुना कसा निवडला तेही सांगितलं, कारण मला वाटलं की नीट सांगितलं तर तो थांबेल. तो लक्ष देऊन ऐकत होता. शाळेत असताना मी धाकटी असून त्याला विज्ञान शिकवायचे, तेव्हाही असाच ऐकायचा.

"तेरा," तो म्हणाला. "म्हणजे एकवीस जणांना काही झालं नाही."

"दोन महिन्यांत नाही."

"मला दोनच महिने हवेत."

मी नळ पुन्हा सोडला. मी खोटा आकडा सांगितला असता तर? चौतिसात तीस म्हटलं असतं तर? तेव्हा सुचलं नाही. नंतर सुचलं, आणि सुचूनही मी ते करू शकले नसते हेही कळलं. त्याचा माझ्यावर विश्वास होता तो त्यासाठीच.

"एक काम कर," तो म्हणाला. "मला परत संघात घे. रविवारी."

"त्याने काय होतंय?"

"तुझ्यापुरतं काही नाही. पण मामा आत्ता आईला सांगतोय की ब्रिजेटला आकड्यांत काहीतरी दिसलं असणार, उगाच नाही ती बसवत. आई दहा मिनिटांनी इथे येईल आणि माझा हात दाबून बघेल." त्याने फडकं खांद्यावर टाकलं. "आईला नको."

बाहेरून आईचा आवाज आलाच. "काय कुजबुजताय दोघं?"

"तुझी मुलगी मला संघात परत घेतेय," तो ओरडला. "मी बशा पुसतोय म्हणून!"

"लाच!" मामा बाहेरून ओरडला. "नियमात बसत नाही!"

मी ओल्या हाताने फोन काढला. बाकावरून त्याचं नाव उचलून वर ठेवलं. एका बोटाचं काम.

रविवारी आईकडे गेले. सामना एक चाळीसला होता. पहिला चेंडू पडला की नावापुढे कुलूप येतं, मग बदल करता येत नाही. सव्वा वाजल्यापासून मी फोन मांडीवर ठेवून बसले होते. अजून बसवता येईल, असा विचार येत होता, आणि मग, बसवून काय, असा. आईने मक्याच्या लाह्या केल्या होत्या आणि ती एकही खात नव्हती. एक एकेचाळीसला कुलूप आलं.

त्याने अप्रतिम खेळ केला असं मामा नंतर म्हणाला. मी फक्त पाहिलं ते सांगते. पहिल्या पाच डावांत त्याने एकही कर्व्ह टाकला नाही. सहाव्यात तिन्ही तळांवर माणसं आली, दोन बाद झालेले, आणि समोर त्यांचा सगळ्यात तगडा फलंदाज. त्याने कर्व्ह टाकला. फलंदाजाची बॅट चेंडूच्या हातभर वरून गेली आणि तोही बाद झाला. आई उठून इतक्या जोरात ओरडली की लाह्यांचा वाडगा गालिच्यावर उलटा झाला. पडद्यावर गॅरेट मैदानातून बाहेर जात होता. ग्लोव्ह त्याने उजव्या काखेत दाबून धरला होता आणि रांगेतल्या प्रत्येकाला डाव्या हाताने टाळी देत होता.

"बघ, कसा हसतोय," आई म्हणाली. "आणि तू याला बसवणार होतीस. का गं बसवलं होतंस?"

"चुकले होते," मी म्हटलं.

तिने माझ्या डोक्यावर टपली मारली आणि गुडघ्यांवर बसून लाह्या वेचू लागली.

त्या आठवड्यात मी लीगमध्ये पहिली आले. सात वर्षांत पहिल्यांदा. मामाने बरणीचा फोटो पाठवला, खाली लिहिलं: भावाच्या जिवावर.

सोमवारी दुपारी प्रयोगशाळेत जेवणाच्या सुट्टीत कॅमेऱ्यांचे आकडे आले. मी मैदानाचा फरक वजा केला. दोन पूर्णांक चार इंच. सहाव्या डावातला तो एक कर्व्ह तर सगळ्यांपेक्षा खालून आला होता.

त्याच वेळी फोन वाजला. गॅरेटचा संदेश. एकच शब्द: किती?

मी आकडा लिहिला. मग पुसला. खिडकीबाहेर आमची गाडी नदीच्या पाण्याचे नमुने उतरवत होती, बाटल्यांवर तारखा होत्या. मी लिहिलं: छान फेकलंस.

दोन मिनिटांनी उत्तर आलं.

क्रियाविशेषण.

मग मी आकडा पाठवला. त्याने तो पाहिल्याची खूण आली. माझी सुट्टी संपत आली होती. शेवटी एक ओळ आली: शनिवारी परत आहे, बसवू नकोस.

मी लीग उघडली. शनिवारच्या रकान्यात त्याचं नाव वरच होतं. मी ते तसंच ठेवलं आणि नमुने घ्यायला खाली गेले.